भालकीकर बाई आणि रिकामी जमीन

भालकीकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या नकाशावर डबा ठेवून जेवत होत्या.

नकाशा मी मोठ्या हौसेनं केला होता. पुण्याहून हैदराबादला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. नवऱ्याला इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली म्हणून आम्ही आलो, आणि माझं भूगोलाचं शिक्षण वाया जायला नको म्हणून मी एका लहानशा सल्लागार कंपनीत नकाशे करायला लागले. शहराच्या दक्षिणेला, दोनेक तासांच्या अंतरावर, एका गावाच्या माळावर सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प यायचा होता. उपग्रहाच्या चित्रांवरून मी तो माळ रंगवला होता. तळं निळं, शेतं हिरवी आणि मधला भलामोठा पट्टा फिकट पिवळा. त्या पिवळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'रिकामी जमीन'. नेमका त्याच शब्दांवर बाईंचा डबा होता.

"बाई, तो नकाशा आहे..." मी चाचरत म्हणाले.

त्यांनी डबा उचलला, पदराच्या टोकानं कागद पुसला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि नकाशा वाचायला लागल्या. बराच वेळ वाचला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "रिकामी म्हणायलीस. बघून आलीस की ऐकून?"

"सॅटेलाइटची इमेज आहे, बाई. अगदी ताजी."

"म्हणजे ऐकूनच आलीस." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वरून बघितलं की समदं रिकामंच दिसतं गं. आमचं गजबजलेलं अंबरपेठ बी तसंच दिसंल. उद्या सकाळी येतीस का माझ्यासंगं?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. चहावाल्यानं रस्ता बंद असल्याचं सांगितलं तरी, आणि आमच्या साहेबांनी एखादी फाइल मंजूर झाल्याचं सांगितलं तरी. बघून आलात की ऐकून? विचारताना आवाजात टोचणी नसायची. खरंच जाणून घ्यायचं असायचं. ऐकून आला असाल तर तसं सांगा, म्हणजे पुढचं बोलता येईल, इतकंच.

बाई सरकारी पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, उन्हानं रापलेल्या. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. घराणं मूळचं भालकीचं, शेतीवाडीचं. वडील निजामाच्या काळातच हैदराबादेत कारकून म्हणून आले आणि अंबरपेठेत राहिले. बाई तिथंच वाढल्या, लग्न केलं नाही, आणि खालच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. वरच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब भाड्यानं होतं. त्यांची मुलं दिवसभर बाईंच्याच घरात असत.

त्यांचं बोलणं मला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. 'काय करायलीस', 'कुठं जायलेत' ही मराठवाड्याकडची रूपं, त्यात 'हौ' आणि 'नक्को', मध्येच एखादा तेलुगू शब्द. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, तुमची मराठी वेगळीच आहे." त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "आमची मराठी भालकीवरून बैलगाडीत बसून आली. वाटंत जे भेटलं ते गाडीत घेतलं. तुमची विमानानं आली, म्हणून तिच्याकडं सामान कमी." त्या दिवसापासून त्या मला 'पुणं' म्हणायला लागल्या. "काय गं पुणं, जेवलीस का?"

निवृत्तीनंतर बाईंसारख्या माणसाला काम मिळावं हे त्या काळामुळेच घडलं. पूर्वी वीज म्हणजे सरकार. आता बाहेरच्यांना दारं उघडून बरीच वर्षं झाली होती, खाजगी कंपन्या माळ घेत होत्या आणि त्यांना परदेशी बँका कर्ज देत होत्या. त्या बँकांची एक अट असे: जमिनीवर काही जुनं, जपण्यासारखं असेल तर ते आधी तपासून सांगा आणि त्याला धक्का न लावता काम कसं होईल तेही लिहा. मग कंपन्या आमच्याकडे येत आणि आमचे साहेब बाईंकडे जात. बऱ्याच कंपन्यांना हवा असायचा तो फक्त एक कागद, 'काही आढळले नाही' असा. बाईंकडून तो मिळवणं अवघड होतं, आणि हे पहिल्या पाहणीपर्यंत कुणाला माहीत नसायचं.

माळावर जाण्याआधी आम्ही बेगम बाजारात गेलो. बाईंना सुतळी हवी होती आणि खूण करायला चुना. त्या अरुंद गल्लीत हातगाड्या, पोती, मिरच्यांचा ठसका, आणि बाई त्यातून अशा चालल्या होत्या की जणू माजघरातून स्वयंपाकघरात निघाल्यात. एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या त्या नेहमीच्या गिऱ्हाईक होत्या.

"अम्मा, फिर आगये! घर को कितनी बार चूना मारते आप?" त्यानं विचारलं.

"घर को नक्को, मियाँ. पत्थरों को मारती."

"पत्थरों को कायकू?"

"उनों को ठंड लगती," बाई गंभीरपणे म्हणाल्या. म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. मग बाईंनी त्याला पाच मिनिटं उभ्याउभ्या नीट समजावून सांगितलं: जुन्या काळच्या थडग्यांचे दगड असतात, मशीन त्यावर जाऊ नये म्हणून भोवती खूण करायची. त्यानं ऐकलं, पोत्यातला ओलसर चुना बाजूला सारला आणि आतून कोरडा काढून दिला. "कब्रों का काम है तो अच्छावाला लेके जाओ," तो म्हणाला. बाई कुणालाही हे असं समजावून सांगत. माहिती वाटून टाकावी तशी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं... म्हणजे तिथल्या सरकारी बसनं, आम्ही निघालो. बाईंना कंपनीची गाडी नको होती. गाडीतून उतरलं की लोक आपल्याला कंपनीचे समजतात आणि मग खरं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माळावर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच आडवं पडलं होतं. मला दिसलं ते नुसतं खुरटं गवत, बाभळी आणि इकडेतिकडे विखुरलेले दगड. माझा नकाशा बरोबर होता असं मनात आलंही.

"आता खाली बस," बाई म्हणाल्या.

मी उकिडवी बसले. आणि त्या आडव्या उन्हात सावल्या दिसायला लागल्या. विखुरलेले वाटणारे मोठे धोंडे विखुरलेले नव्हतेच. त्यांचं एक वर्तुळ होतं. त्याच्या मध्ये लहान दगडांचा बसका ढीग. पलीकडे दुसरं वर्तुळ, त्याच्या पलीकडे आणखी. माझ्या पिवळ्या पट्ट्यात एक अख्खं गाव झोपलेलं होतं. लोखंड नुकतंच हाताशी आलेल्या काळातली ती माणसं, बाईंनी सांगितलं. आपल्या मेलेल्यांना इथं ठेवून, भोवती दगडांचं कडं करून गेली. गावातले लोक त्यांना राक्षसगुळ्ळु म्हणतात, राक्षसांची देवळं. एवढे धोंडे माणसांनी कशाला हलवले असतील, म्हणून.

मला एक खापराचा तुकडा सापडला, आतून काळा, बाहेरून तांबडा, काचेसारखा गुळगुळीत. मी उचलून त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं हळूच पुसला, मला फोटो काढायला लावला, आणि विचारलं, "कुठून उचललीस? कुठली बाजू वर होती?" मी दाखवलं. त्यांनी वाकून तो त्याच जागी, त्याच बाजूनं परत ठेवला. "आपण पाहुणे आहोत गं इथं," त्या म्हणाल्या, "पाहुण्यानं घरातली भांडी हलवू नये."

त्या संध्याकाळी ऑफिसात परत येऊन मी नकाशावरचे ते दोन शब्द काढून टाकले. बाईंनी सांगितलं नव्हतं. मलाच ते बघवेनात.

बाईंनी पूर्ण माळ चालून काढला. सुतळीनं पट्टे आखायचे आणि एकेका पट्ट्यातून शांतपणे चालत जायचं, नजर जमिनीवर. मी दुपारपर्यंत दमून जायची आणि त्या तेव्हा कुठं बोलायला लागायच्या. शेवटी त्यांनी दगडांचे तीन समूह दाखवले. दोन सरकारी गायरानावर. तिसरा बालम्मा नावाच्या बाईच्या शेताच्या कडेला. कंपनीचे प्रकल्प अधिकारी मूर्ती हे तरतरीत, बाहेर शिकून आलेले गृहस्थ होते. त्यांनी अहवाल वाचला आणि झटकन निर्णय घेतला. गायरानावरच्या दोन समूहांचं बघू, पण बालम्माची जमीन नकोच. तेवढा तुकडा वगळला की एक कटकट गेली.

कंपनीच्या दृष्टीनं तो तुकडा होता. बालम्माच्या दृष्टीनं तेवढंच होतं. त्या खडकाळ रानात धड ज्वारी येत नव्हती. गावातले सगळे आपापली पडीक रानं सोलरला भाड्यानं देत होते, वर्षानुवर्षं नियमित काहीतरी येणार होतं. बालम्माचा नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगला घातलेली. तिच्या आशेवर आमच्या अहवालानं काट मारली होती.

आम्ही पुढच्या वेळी गावात गेलो तेव्हा ती चिंचेखाली आमची वाटच पाहत होती. कमरेवर हात, पदर खोचलेला. ती तेलुगूत बोलत होती, पण राग समजायला भाषा लागत नव्हती. बाईंनी मला नंतर सगळं सांगितलं.

"अम्मा, ते दगड माझ्या आजीच्या आधीपासून तिथं पडलेत. त्यांनी आम्हाला कधी एक दाणा दिला नाही. आज कुणीतरी माझं रान मागायला आलं, तर तू मेलेल्यांची वकील होऊन आलीस. जित्यांकडून कोण बोलणार?"

लोक जमले होते. बाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या, सरळ मातीत. त्यामुळे बालम्मालाही बसावं लागलं.

"तुझं खरं आहे," बाई म्हणाल्या. "सोलर यावं असं मलाही वाटतं. मी ते थांबवायला आले नाही. कुठं करा आणि कुठं नको, एवढंच सांगायचं माझं काम."

"आणि नको ते नेमकं माझ्याच रानात?"

"मला तसं दिसलं."

"नीट दिसलं का?"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "परत बघते. आणि जे दिसेल ते तुझ्या तोंडावर येऊन सांगते. चांगलं असो, वाईट असो."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दिलसुखनगर आलं, क्लासेसमधून सुटलेल्या पोरांची गर्दी बसमध्ये शिरली, कुणीतरी त्यांना उठून जागा दिली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. उतरताना म्हणाल्या, "पुणं, आपण ते तिसरं बघितलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी दमले होते. पहिली दोन बघून झाली होती, म्हणून तिसरं बी तसंच दिसलं असंल का?"

त्या वेळी पुन्हा पाहणी करायला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा खर्चही कुणी देणार नव्हतं. बाई आपल्या आपण गेल्या आणि मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. पूर्ण सकाळ आम्ही बालम्माच्या रानाच्या कडेला होतो. काही निष्पन्न होईना. एका ढिगाच्या कडेला बाई विसाव्याला टेकल्या, पाण्याची बाटली उघडली, आणि दुसरा हात त्यांनी सहज शेजारच्या दगडावर ठेवला. तसाच ठेवून त्या थांबल्या. पाणी पिण्याचंही विसरल्या.

"हात लाव इथं."

दगडावर एक लांब खाच होती. सरळ, एका अंगानं खोल. दुसऱ्या दगडावर तशीच. तिसऱ्यावर दोन. नांगराच्या फाळाचे ओरखडे. हे दगड कधीकाळी नांगरटीत वर आले होते आणि कुणीतरी ते वेचून बांधाला टाकले होते. मग बाई गुडघ्यांवर रांगत पूर्ण ढीग फिरल्या. भोवती मोठ्या धोंड्यांचं कडं नव्हतं. आम्ही ज्याला कडं समजलो होतो तो बांधाचाच वळलेला भाग होता. खापरं नव्हती. पलीकडचे ढीगही तसलेच, बापजाद्यांनी रान साफ करताना रचलेले.

बाई उठल्या. गुडघे मातीनं भरलेले. चेहऱ्यावर मला अपेक्षित होता तसला संकोच नव्हता. उलट मोकळं झाल्यासारखं काहीतरी होतं. "चुकले गं मी," त्या म्हणाल्या. "चल, आधी बालम्माकडं."

बालम्मा भांडी घासत होती. बाईंनी दारातूनच सांगितलं, "तुझ्या रानातले दगड राक्षसांचे नाहीत. तुझ्याच सासऱ्या-आजेसासऱ्याचे आहेत. माझी चूक झाली." बालम्मानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग तिनं हात धुतले, आत गेली आणि ताकाचे दोन ग्लास घेऊन आली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. "तिन्नवा बिड्डा?" तिनं मला विचारलं. जेवलीस का लेकी? आणि आम्हाला बसवून घेतलं.

खरी अडचण शहरात होती. आमचे साहेब भले गृहस्थ होते, पण ऐकून त्यांनी डोकं धरलं. "बाई, अहवाल बँकेला गेलाय. आता चूक झाली म्हणालो तर आपल्या कंपनीची इभ्रत काय राहील? तो तुकडा वगळलाय, वगळलेला राहू द्या. कुणाचं काय नुकसान होतंय?"

"बालम्माचं," बाई म्हणाल्या. तेवढंच. साहेबांनी फोन उचलून मूर्तीसाहेबांची वेळ मागितली.

बैठकीत मूर्तीसाहेबांसमोर बाईंनी ओरखडलेल्या दगडांचे फोटो मांडले आणि आपण कुठं, कशामुळे फसलो ते सांगितलं. इंग्रजीत, सावकाश, काही न लपवता. दमणूक झाली होती हेही सांगितलं. मूर्तीसाहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली ती मला आवडली नाही.

"मॅडम, तुमचा हा एक समूह चुकला. मग उरलेले दोनही चुकलेले असू शकतात. आम्ही तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मला वाटलं, झालं. सगळंच गेलं आता. बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"मूर्तीगारू," त्या म्हणाल्या, "हा चुकला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी सांगितलं नसतं तर कळलं असतं?"

मूर्तीसाहेबांनी एक फोटो उचलला आणि परत खाली ठेवला.

"मग राहिलेल्या दोनांबद्दलही मीच सांगते आहे. चला माझ्याबरोबर. सकाळच्या उन्हात या, कडं दाखवते, खापरं दाखवते. पटलं नाही तर तसं लिहा. पण बघून लिहा."

ते आले. मला वाटलं नव्हतं, पण आले. महागडे बूट दवानं भिजले, बाईंनी त्यांनाही खाली बसायला लावलं, आणि वर्तुळ दिसलं तेव्हा तो माणूस एवढंच म्हणाला, "अरे देवा." नंतर बराच वेळ तो एकटा त्या दगडांमधून फिरत होता. आराखडा बदलला. बालम्माचं रान आत घेतलं, आणि गायरानावरचे दोन्ही समूह मोकळे सोडायचं ठरलं. सौरपट्ट्यांच्या रांगा त्यांना वळसा घालून जाणार होत्या.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

काम सुरू झालं आणि काही दिवसांनी गावातून बाईंना फोन आला. ठेकेदाराचं मशीन गायरानात शिरलं होतं. आम्ही पोचलो तोवर एक वर्तुळ गेलं होतं. धोंडे एका बाजूला ढकललेले, मधली माती उलटीपालटी, आणि त्या मातीत काळ्या-तांबड्या खापरांचा चुरा. बाई कडेला थांबल्या. पदर तोंडाशी नेला. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आपल्या घरातलं कुणी गेल्यासारखा.

मशीनचा ड्रायव्हर, येल्लय्या त्याचं नाव, थोडा दूर बसला होता. विशी-पंचविशीचा गडी, भेदरलेला. लोकांनी त्याला बरंच सुनावलं असावं. बाई त्याच्याकडे गेल्या. मला वाटलं आता त्यांचा राग फुटणार. त्या त्याच्याशेजारी बसल्या आणि तेलुगूत विचारलं, "तुला कुणी नकाशा दिला होता का रे?"

त्यानं मान हलवली. नाही. रस्ता सरळ काढ, एवढंच सांगितलं होतं. आम्ही केलेल्या चुन्याच्या खुणा आधीच्या पावसात धुऊन गेल्या होत्या.

"कुठला धोंडा कुठून उचललास, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. मग ती पूर्ण दुपार बाई, येल्लय्या आणि मी त्या उद्ध्वस्त जागेवर होतो. तो एकेका धोंड्याकडे बोट करायचा, हा इथून, तो तिथून. बाई त्या जागी खुंटी ठोकायच्या, मी मोजमाप घेऊन चित्रात उतरवायची. संध्याकाळपर्यंत कागदावर ते वर्तुळ पुन्हा उभं राहिलं. नुसतं कागदावर. बाईंनी त्याला कधी त्याहून जास्त म्हटलं नाही.

ठेकेदाराला एक नाव हवं होतं. ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे, असं एक वाक्य अहवालात आलं की प्रकरण मिटत होतं. मूर्तीसाहेबांनाही ते सोयीचं होतं. त्यांनी अगदी अजीजीनं सांगितलं. बाईंनी लिहिलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं: 'मशीनसोबत नकाशा पाठवला गेला नव्हता आणि पावसानंतर खुणा पुन्हा केल्या गेल्या नव्हत्या. दुसरी जबाबदारी आमची होती.' येल्लय्याचं नाव फक्त एका ठिकाणी आलं, चित्र करायला मदत केल्याबद्दल आभार म्हणून.

"बाई, आपल्याकडे कशाला घेतलंत?" मी विचारलं. "पावसानंतर खुणा पुन्हा करायचं काम ठेकेदाराचं होतं."

"ठेकेदाराचं होतं गं. पण पाऊस पडला तेव्हा मला घरात बसून आठवण झाली होती. उद्या जाऊ म्हणाले. ते लिहिल्याबिगर त्या पोराचं नाव कसं गाळणार?"

त्यानंतर मूर्तीसाहेबांनी स्वतः नियम केला. माळावर नवं मशीन आलं की चालवणाऱ्याला आधी बाईंबरोबर कडेकडेनं पायी फिरवायचं. दगडी खांब रोवून तारेचं कुंपण झालं. उरलेली वर्तुळं वाचली. आज तिथं निळ्याकाळ्या पट्ट्यांच्या रांगा दूरवर गेल्यात, मध्येच थांबतात, दोन मोकळी बेटं सोडतात आणि पुढे जातात. त्या बेटांवर शेळ्या चरतात. बालम्माच्या मुलीचं नर्सिंग पूर्ण झालं. आम्हाला पेढे द्यायला ती थेट अंबरपेठेत आली होती.

बाईंकडून मी काय शिकले ते नीट मांडता येत नाही. नकाशे मी त्यांच्या आधीही करत होते. पण कागदावर एखादी रेघ मारताना तिच्या खाली कुणाचं तरी रान असतं, कुणाचं तरी मढं असतं, हे मला त्यांनी दाखवलं, आणि दोन्हींची कदर एकाच वेळी करता येते हेही. चूक झाली तर सांगायला आधी कुणाच्या दारात जायचं, हे तर मी नुसतं बघून शिकले. माझ्या आईवडिलांनी मला पुष्कळ दिलं. पण हे देणं बाईंचं. हैदराबादची सात-आठ वर्षं मला परकी वाटली नाहीत तीही त्यांच्यामुळेच. माझा मुलगा तिथं झाला तेव्हा आई पुण्याहून येईपर्यंत बाईंनी रोज डिंकाचे लाडू आणि गरम वरणभात आणला. मुलाला त्या 'हैदराबादी' म्हणत आणि त्याच्याशी मराठी, हिंदी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत एकदम बोलत.

आम्ही पुण्याला परतलो. दोन वर्षांनी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा फोन आला. बाई दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत.

त्यांना मी शेवटची पाहिली ती पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी. दिलसुखनगरला एका टपरीवर आम्ही डोसा खाल्ला, उगाच इकडचं तिकडचं बोललो. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. मला सामान बांधायचं होतं. मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी पाठीवर एक जोरात थाप मारली आणि म्हणाल्या, "जा आता. रडू नक्को. रिक्षावाले जास्त मागतात." मी रिक्षात बसले. गर्दीमुळे रिक्षा हलेना, म्हणून मागे वळून पाहिलं.

तेव्हा रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे करण्यासाठी खणत होते. पत्र्याचे अडथळे लावले होते. बाईंना समोरच्या थांब्यावर जाऊन अंबरपेठची बस धरायची होती. त्यांची बस आली, थांबली, निघूनही गेली. बाई पत्र्याच्या फटीला डोळा लावून वाकल्या होत्या. मग त्यांनी पत्रा हातानं वाजवला. आतून एक मुकादम बाहेर आला, चिडलेला, हात हलवून त्यांना लांब व्हायला सांगत होता. बाई काहीतरी बोलल्या. त्यानं मान वळवून खड्ड्याकडे पाहिलं, परत बाईंकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा काहीतरी विचारलं. मग तोच बोट दाखवून सांगायला लागला, हा मातीचा थर, तो मुरमाचा थर, असं काहीतरी असणार, हात वरून खाली नेत. आवाज मला ऐकू येत नव्हता. सिग्नल सुटला, रिक्षा हलली. मी मान बाहेर काढून बघत राहिले. त्या माणसानं पत्रा थोडा सरकवला, स्वतःच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं आणि बाईंच्या डोक्यावर, पदरावरूनच, नीट बसवून दिलं.